गाडीतले संगीत दारात घडते

नव्या हॅचबॅक गाडीच्या ध्वनियंत्रणेत कंपनीची काटकसर सर्वांत जास्त कुठे होत असेल, तर ती स्पीकरवर. डॅशबोर्डवरचा टचस्क्रीन शोरूममध्ये नजरेत भरतो, दाराच्या पॅनेलमागचा स्पीकर मात्र गिऱ्हाईक कधी पाहतच नाही. पुढच्या दारातला स्पीकर काढून हातात घेतला, तर तो आश्चर्य वाटावे इतका हलका लागतो. कागदी कोन, प्लॅस्टिकची बैठक, मागे छोटेसे चुंबक आणि फार तर वरच्या स्वरांसाठी मधोमध चिकटवलेला आणखी एक बारका कागदी कोन, एवढाच त्याचा पसारा. अनेक बेस मॉडेलांत तर स्पीकर नसतातच. ते डीलरकडून ‘ॲक्सेसरी’ म्हणून बसवून घ्यावे लागतात.

सुधारणा इथूनच सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात बहुतेकांचे पहिले पैसे जातात ते नव्या स्टिरिओवर किंवा डिकीतल्या भल्यामोठ्या वूफरवर. या सवयीला इतिहास आहे. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीत बसवायचा परवडणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. तेव्हापासून गाडीतले संगीत म्हणजे डॅशबोर्डवरचा डबा, हे समीकरण रूढ झाले. पुढे या डब्याचे मापही ठरले: सुमारे १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच. मूळ जर्मन मानकावरून त्याला ‘डिन’ म्हणतात आणि दुप्पट उंचीच्या डब्याला ‘डबल डिन’. कॅसेटच्या काळात जुना टेप काढून नवा सरकवणे अर्ध्या तासाचे काम होते आणि त्याने आवाजात फरकही पडत असे. आता रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे, काही गाड्यांत इतर सेटिंग्जसुद्धा त्याच स्क्रीनला जोडलेली असतात. तो बदलायचा तर वेगळी फ्रेम, वेगळा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, आणि स्टिअरिंगच्या बटणांसाठी वेगळा अडॅप्टर लागतो. कमी बजेटमध्ये कंपनीचा स्टिरिओ आहे तसा ठेवणेच शहाणपणाचे. त्यात दोष असतात, पण ते स्पीकर आणि दार यांच्या दोषांपुढे किरकोळ असतात.

मग स्टिरिओवर छापलेल्या ‘५० वॅट x ४’चे काय? हा आकडा कुठून येतो हे साध्या गणिताने कळते. इंजिन चालू असताना गाडीला सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओतली चिप स्पीकरवर जास्तीत जास्त तेवढाच दाब आणू शकते. ४ ओहमच्या स्पीकरवर १४.४ व्होल्टची सपाट डोक्याची, म्हणजे पूर्णपणे फाटलेली लहर सोडली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट होतात. छापला जातो तो हाच आकडा. संगीतासारखी गोल लहर न फाटता सोडायची तर निम्मे, म्हणजे २६ वॅट मिळायला हवेत. चिपमधले नुकसान वजा जाता हातात उरतात साधारण १८ ते २२ वॅट. हेच खरे ‘आरएमएस’ वॅट. स्पीकरच्या खोक्यावरचे ‘३०० वॅट मॅक्स’ हे तर याहूनही पोकळ असते, कारण स्पीकर वॅट देत नाही, घेतो. खोक्यावर पाहायचे ते फक्त आरएमएस.

त्याहून महत्त्वाचा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, हे त्यातून कळते. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये जितका वाजतो, तितके वाजायला ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. ज्याला ॲम्प्लिफायर लावायचा नाही, फक्त कंपनीच्या स्टिरिओवर स्पीकर चालवायचे आहेत, त्याने देखण्या, जड कोनाच्या महागड्या स्पीकरपेक्षा जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घ्यावा. इथेही एक मेख आहे. काही कंपन्या एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजमाप करतात. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या दाबात बरोबर एक वॅट मिळतो, पण गाडीतल्या ४ ओहमच्या स्पीकरला दोन. आकडा आपोआप तीन डेसिबलने फुगतो.

स्पीकर बदलला आणि आवाज स्वच्छ झाला, पण बेस काही आला नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. दोष स्पीकरचा नसतो, दाराचा असतो. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. म्हणजे स्पीकरच्या मागूनही तितकाच आवाज निघतो, फक्त उलटा. पुढची आणि मागची हवा एकमेकांना भेटली की दोन्ही आवाज एकमेकांना खोडून काढतात. वरच्या स्वरांची लांबी काही सेंटिमीटर असते, त्यांना हे फारसे जाणवत नाही. पण १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते. ती कडेने वळून मागे जाते आणि ढोलकीची थाप, बेस गिटार, तबल्याचा डग्गा यांचा जीवच नाहीसा होतो. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती याचसाठी. गाडीत ती पेटी म्हणजे दार. आणि दाराचा आतला पत्रा काच, लॉक, मोटर यांच्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून भोकांनी भरलेला असतो. त्या भोकांवर काळ्या चिकट पट्टीने डकवलेला एक पातळ प्लॅस्टिकचा कागद, एवढाच आडोसा.

उपाय स्वस्त आहे. बाजारात ‘डॅम्पिंग शीट’ नावाने ब्युटाइल रबराच्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेल्या चिकट शीट मिळतात. दोन मिलिमीटर जाडीच्या पुरतात. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला स्पीकरच्या बरोबर मागे आणि आसपास त्यांचे तुकडे चिकटवायचे. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. पाव ते निम्मा भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बसते. चिकटवण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा करायचा आणि शीट रोलरने दाबून बसवायची, नाहीतर उन्हात ती सुटते. आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करण्यासाठी पातळ ॲल्युमिनियमचा किंवा एबीएस प्लॅस्टिकचा तुकडा कापून त्यावर शीट लावायची. काम नीट झाले आहे का, हे बोटाच्या पेराने दार वाजवून कळते: आधी ‘टण्ण’ वाजणारे दार आता ‘थप्प’ असा बसका आवाज देते. चार पैसे कमी पडत असतील, तर स्पीकर एक पायरी खालचा घ्यावा, पण हे काम टाळू नये.

कोकणात किंवा मुंबईत गाडी चालवणाऱ्याने पावसाचा विचार इथेच करावा. काचेच्या रबरातून पाणी दारात शिरणे हा बिघाड नाही; दार तसेच बनवलेले असते. आत आलेले पाणी तळाच्या बारीक फटींतून बाहेर पडते आणि तो प्लॅस्टिकचा कागद त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. म्हणून तळाच्या फटींवर शीट लावायची नाही, आणि कागद काढला तर त्याची जागा घेणारे आवरण सर्व बाजूंनी बंद हवे. स्पीकर ज्या रिंगवर बसतो ती बऱ्याचदा एमडीएफची दिली जाते. एमडीएफ पाणी पितो, एक-दोन पावसाळ्यांत फुगून स्क्रू सोडतो. घट्ट प्लॅस्टिकची रिंग घ्यावी, किंवा एमडीएफच असेल तर तिला रंगाचे दोन-तीन हात कडेसकट द्यावेत.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण सावकाश करण्याचे आहे. पॅनेलचे स्क्रू हँडलच्या वाटीत आणि टोप्यांखाली लपलेले असतात. ते काढल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खालच्या कोपऱ्यातून एकेक क्लिप सोडवायची. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला की रंग जातो आणि क्लिप तुटते. स्पीकर निवडताना त्याची खोली मोजायची, काच पूर्ण खाली करून. चुंबक काचेला टेकत असेल तर रिंग जाड करावी लागते. कंपनीची वायर कापायची नाही. त्या गाडीचा कपलर सुटा मिळतो, तो नव्या स्पीकरला जोडून कंपनीच्या प्लगमध्ये घालायचा. वायर कापलेली दिसली, तर वॉरंटीचा दावा नाकारायला सर्व्हिस सेंटरला आयते कारण मिळते.

अधिक-उणे टोकांची खात्री पेन्सिल सेलने करता येते. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागले असेल तर कोन बाहेर येतो, उलटे असेल तर आत जातो. एका दारात ही टोके उलटी झाली तर डावा-उजवा स्पीकर एकमेकांचा बेस खातात आणि गायकाचा आवाज समोर न राहता हवेत विरल्यासारखा होतो. घाईत बसवलेल्या यंत्रणांत ही चूक फार आढळते आणि ती दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही.

कोॲक्सिअल घ्यावा की कॉम्पोनंट? कोॲक्सिअलमध्ये ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, मोठ्या कोनाच्या मध्यावरच बसवलेला असतो. तो स्वस्त आणि बसवायला सोपा. पण दारातला स्पीकर पायाच्या पोटरीशी असतो आणि वरचे स्वर सरळ रेषेत जातात, म्हणून ते गुडघ्यांवरच अडतात. कॉम्पोनंट संचात ट्वीटर सुटा असतो, तो आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवला की आवाज पायातून उठून नजरेच्या उंचीवर येतो. गाडीत ट्वीटरची जागा आधीच असेल तर थोडे जास्त पैसे घालून कॉम्पोनंट घेणे योग्य. सर्व पैसा पुढच्या दोन दारांवर लावावा. मागचे कंपनीचे स्पीकर तसेच ठेवून फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल, पुढे सरकवावा. संगीत समोरून ऐकायचे असते, मागच्या स्पीकरमुळे चालवणाऱ्याला ते पाठीमागून ऐकू येते.

चांगले कोॲक्सिअल, दोन्ही दारांचे डॅम्पिंग आणि रिंगा हे सारे साधारण पाच ते आठ हजार रुपयांत बसते. बहुतेकांनी इथे थांबायला हरकत नाही. पुढची पायरी चार चॅनेलच्या छोट्या ॲम्प्लिफायरची. कंपनीच्या स्टिरिओला ॲम्पसाठीचे वेगळे आरसीए आउटपुट सहसा नसते, म्हणून ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला ॲम्प घ्यावा. तो स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेतो. ५० वॅटचे चार चॅनेल देणारा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात १८ ते २० अँपिअर खेचतो. त्याला बॅटरीपासून थेट, शुद्ध तांब्याची, किमान ८ गेजची वायर हवी. स्वस्त किटमधली वायर बहुधा वरून तांबे, आतून ॲल्युमिनियम अशी असते. तिची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. बॅटरीच्या टोकापासून दीड फुटाच्या आत फ्यूज लागलाच पाहिजे. तो ॲम्पसाठी नसतो. पत्र्यातून जाताना वायर सोलली गेली, तर आग लागू नये म्हणून असतो. ही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी. अर्थिंग पत्र्याचा रंग खरवडून, दोन फुटांच्या आत द्यावे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून येऊ लागली, तर पहिला संशय याच जोडावर घ्यावा.

ॲम्पचे गेन बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. ते लावायला साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरच्या वायरी काढून, फिल्टर आणि इक्वलायझर बंद करून १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर न्यायचा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन वाढवायचा. ५० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २००. त्याचे वर्गमूळ १४.१. मीटरवर १४ दिसले की थांबायचे. मग स्पीकर जोडून हाय पास फिल्टर ८० हर्ट्झवर लावायचा. दारातल्या स्पीकरला खोल बेसच्या श्रमातून मोकळे केले, की तोच स्पीकर बराच मोठ्याने आणि स्वच्छ वाजतो.

तो खोल बेस हवाच असेल, तर डिकी अडवणारी पेटी न घेता सीटखाली बसणारा, आतच ॲम्प असलेला आठ इंची सबवूफर घ्यावा. बंद केबिन इतकी लहान असते, की साधारण ६० हर्ट्झच्या खाली ती स्वतःच बेस वाढवते. म्हणून घराच्या मानाने गाडीत छोट्या वूफरवर भागते.

यानंतरची सुधारणा फुकट आहे. फोनवरच्या ॲपमध्ये स्ट्रीमिंगची गुणवत्ता ‘हाय’ करावी, शक्य तिथे ब्लूटूथऐवजी केबल वापरावी. ‘लाउडनेस’ आणि ‘बेस बूस्ट’ बंद ठेवावे, कारण स्टिरिओचे वीस वॅट यातच संपतात आणि लहर फाटू लागली की आधी ट्वीटर जळतो. इक्वलायझरवर हवे ते वाढवण्यापेक्षा खुपते ते कमी करावे. सेटिंगमध्ये ‘टाइम अलाइनमेंट’ असेल तर तिचा उपयोग जरूर करावा. भारतात चालक उजव्या दाराला खेटून बसतो, डावा स्पीकर त्याच्यापासून अर्धा-पाऊण मीटर जास्त दूर असतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. टेपने दोन्ही अंतरे मोजून फरकाला ३४ ने भागायचे आणि उजव्या स्पीकरला तेवढे मिलिसेकंद थांबवायचे, की गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहतो. ही सोय नसेल तर बॅलन्स एक-दोन घरे डावीकडे सरकवूनही थोडे साधते.

काढलेले कंपनीचे स्पीकर, त्यांचे स्क्रू आणि प्लॅस्टिकचा कागद खोक्यात भरून ठेवावेत. गाडी विकताना नव्या स्पीकरचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही. जुने परत बसवून नवे पुढच्या गाडीत नेता येतात, फक्त रिंग आणि कपलर तेवढे त्या गाडीच्या मापाचे घ्यावे लागतात.