बाहुलीघरातलं बाहुलीघर

झायलोफोन कसा वाजवायचा, हे ‘द सिम्स’ या संगणक-गेमच्या मालिकेतल्या दुडदुडत्या बाळाला ठाऊक नसतं. ते झायलोफोनला ठाऊक असतं. विल राइट आणि मॅक्सिस कंपनीने 2000 साली सुरू केलेल्या या मालिकेची ही मूळ युक्ती. त्यातली शहाणपणाची शिदोरी माणसांकडे नाही, वस्तूंकडे आहे. फ्रिज ‘भूक भागवतो’ असं ओरडतो, पलंग ‘झोप देतो’ म्हणतो, खेळणं ‘मजा येईल’ अशी हाक मारतं. गेम घडवणारे या हाकांना वस्तूंची जाहिरातच म्हणतात. खेळाडूने हुकूम सोडला नसेल, तर घरातलं पात्र या सगळ्या हाका ऐकतं, आपल्याला या घडीला कशाची चणचण आहे ते पाहतं आणि ज्या वस्तूची हाक सर्वांत सोयीची तिच्याकडे वळतं. गल्लीत चार फेरीवाले एकाच वेळी ओरडत यावेत आणि गृहिणीने घरातला कांदा संपलाय म्हणून कांदेवाल्याकडे जावं, तसं. वस्तू वापरताना हात कसे हलायचे, किती वेळ लागायचा, त्यातून काय मिळायचं, हा सगळा हिशोब त्या वस्तूतच भरलेला असतो. म्हणून तर पात्रांना हातही न लावता गेममध्ये नवनव्या वस्तू भरता आल्या.

ही रचना लक्षात घेतली की तिथली लहान मुलांची खेळणी नीट कळतात. पहिल्या गेममध्ये ही खेळणी नव्हतीच, कारण त्या वयाचं मूलच नव्हतं. पाळण्यातलं बाळ तीन दिवसांनी थेट शाळकरी होई. दुडदुडतं मूल आलं 2004 सालच्या ‘द सिम्स 2’मध्ये आणि त्याच्याबरोबर खेळण्यांचं गणितही आलं. झायलोफोन वाजवला की सर्जनशीलता वाढते. सशाच्या डुलत्या मुंडक्याशी गप्पा मारल्या की चारचौघांत छाप पाडण्याची हातोटी वाढते. ही कौशल्यं मोठ्यांचीच. दोन वर्षांच्या वयात मिळवलेला गुण पुढे नोकरीत बढतीसाठीही मोजला जाई. 2009 सालच्या तिसऱ्या गेममध्ये खाचांत आकार बसवायची पेटी आली, ती तर्कशक्तीसाठी. चालणं, बोलणं आणि पॉटीवर बसणं मात्र या दोन्ही मूळ गेममध्ये कुठल्याच खेळण्याला शिकवता येत नाही. त्यासाठी घरातलं मोठं माणूसच लागतं.

माझं म्हणणं या विभागणीवरच उभं आहे. ही खेळणी बाळाला काही शिकवत नाहीत. ती खेळाडूला पालकाच्या वेळेचा भाव शिकवतात. चौथ्या गेममध्ये हे अगदी उघड दिसतं. तिथे दुडदुडत्या मुलाला स्वतःची वेगळी कौशल्यं आहेत. बोलणं, कल्पना, हालचाल आणि विचार यांच्या प्रत्येकी पाच पायऱ्या, पॉटीच्या तीन. बाहुलीघराशी खेळून कल्पना वाढते, रेडिओवर नाचून हालचाल. ही कामं मूल एकटं करतं, तेवढ्यात आई स्वयंपाक उरकते. फ्लॅशकार्डांनी विचार वाढतो, पण कार्ड धरायला समोर कुणीतरी लागतं. मुलाच्या गरजा गेम भरत-रिकाम्या होणाऱ्या पट्ट्यांनी दाखवतो. त्यांत भूक, झोप, मजा, स्वच्छता आणि शी-शू यांच्या जोडीला आणखी एक पट्टी असते, ती म्हणजे मोठ्यांचं लक्ष. खेळणं मजेची पट्टी भरतं, लक्षाची भरत नाही. ती फक्त माणूस भरतो. गेम रचणाऱ्यांनी केलेल्या निवडींपैकी ही मला सर्वांत विचारी वाटते, कारण खेळण्याच्या कुठल्याही जाहिरातीला न पटणारी गोष्ट तिने आकड्यांत मांडली आहे.

आता घड्याळ पाहा. नेहमीच्या वेगात गेममधला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, त्यामुळे तिथला दिवस आपल्या 24 मिनिटांत संपतो. नेहमीच्या आयुर्मानात चौथ्या गेममधलं हे वय सात दिवसांचं. म्हणजे 168 मिनिटं, पावणेतीन तासांना जेमतेम तीन मिनिटं जास्त. त्यातून मुलाची झोप, आंघोळ, भरवणं आणि आईबापांची नोकरी वजा करायची. उरलेल्या वेळात साऱ्या कौशल्यांच्या शेवटच्या पायऱ्या गाठल्या तर मुलाला कायमचा एक खास गुण लाभतो आणि पुढे जन्मभर ते भराभर शिकतं. त्यासाठी कोण कुठे बसेल, कोणतं खेळणं कुणाच्या जवळ ठेवायचं, असा आराखडा खेळाडू आखू लागतात.

इथे कुणी म्हणेल, हा तर कोचिंग क्लासचाच रोग, पाळण्यापर्यंत पोचलेला. आक्षेप अर्धा खरा आहे. खेळणं पट्टी भरण्यासाठी वापरलं की ते खेळणं राहत नाही, गृहपाठ होतं. पण दोष सगळा गेमच्या माथी मारता येत नाही. शेवटची पायरी गाठली नाही तर मुलाला शिक्षा काहीच नाही. दुसऱ्या गेममध्ये चालायला न शिकलेलं बाळही वाढदिवसाला उठून सरळ चालू लागतं. बक्षीस हुकतं एवढंच. ते हुकू नये म्हणून धावतो तो खेळाडू.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. खेळण्यातून शिकणं असं होतच नाही, असा तो. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या लाकडी ठोकळ्यात दहा दट्ट्या असतात. एक जरी चुकीच्या खाचेत गेली, तरी शेवटी कुठलीतरी बसत नाही आणि मुलाला चूक आपली आपण कळते. शिकणं त्या अडण्यात असतं. तिसऱ्या गेममधली पेटी दिसायला त्याच घराण्यातली, पण पट्टी अडत नाही, ती भरतच जाते. शिवाय गेममधलं खेळणं विकतच घ्यावं लागतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डीला माँटेसरींची पद्धत आपल्या मातीत रुजवली तेव्हा बिया, शिंपले, पानं हेच साहित्य होतं. गेममधला शिंपला बाळाला हाक मारू शकत नाही, कारण त्याच्यात कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं. खऱ्या मुलाला शिंपला हाक मारतो आणि त्या हाकेतला मजकूर मूलच घालतं. ही उणीव मान्य करायलाच हवी. तरी मूळ मुद्दा तिने ढासळत नाही, उलट पक्का होतो. खेळण्यात जे भरता येत नाही ते गेमने भरल्याचा आव आणला नाही, लक्षाची पट्टी वेगळीच ठेवली.

हे दुडदुडतं वय गेममधून काढून टाकलं तर काय होतं, याचा प्रयोगही होऊन गेला आहे. सप्टेंबर 2014मध्ये चौथा गेम आला तो दुडदुडत्या मुलाविना. त्यातलं तान्हं बाळ पाळण्याला जोडलेलं होतं. गेमच्या हिशोबात ते जवळपास फर्निचरच. खेळणाऱ्यांनी तक्रारींचा धोशा लावला आणि जानेवारी 2017मध्ये हे वय फुकट परत आलं. घसरगुंड्या आणि चेंडूंचं टाकं मात्र त्याच वर्षी वेगळ्या पॅकमध्ये पैसे मोजून मिळालं. माणसाचं लक्ष फुकट, प्लास्टिक विकत.

राइट आपल्या या गेमला बाहुलीघर म्हणत. त्या बाहुलीघरातलं मूल आणखी छोट्या बाहुलीघरापुढे बसतं आणि कल्पनेची पट्टी भरतं. सातव्या दिवशी केक येतो, मेणबत्त्या विझतात, पॉटीपासून विचारापर्यंतची सगळी कौशल्यं यादीतून निघून जातात. बाहुलीघर जागच्या जागी राहतं. नको असेल तर ते विकता येतं, किंमत थोडी कमी येते.