मोक्याची जागा

बेल्जियममधल्या स्पा-फ्राँकोर्शां सर्किटची एक फेरी मारायला फॉर्म्युला वनच्या गाडीला साधारण पावणेदोन मिनिटं लागतात. शर्यत ४४ फेऱ्यांची. म्हणजे कुंपणाशी एका जागी बसलेल्या माणसाला त्याची आवडती गाडी फार तर ४४ वेळा दिसणार. मोनॅकोत हाच आकडा ७८ आहे, कारण तिथली फेरी अवघी ३.३३७ किलोमीटरची, तर स्पाची ७.००४. त्यात गाडी ताशी ३०० किलोमीटरनं आली, तर ती सेकंदाला ८३ मीटर जाते. समोर झाडीतली पन्नास मीटरची फट असेल, तर फेरीगणिक वाट्याला येणार सेकंदाचे सहा दशांश. अख्ख्या शर्यतीत मिळून अर्धं मिनिटही नाही.

हे गणित ठाऊक असलेली माणसं शुक्रवारीच येतात. रविवारच्या मुख्य शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत सराव आणि पात्रता फेऱ्या असतात. तेव्हा गाड्या त्याच, ट्रॅक तोच, गर्दी मात्र कमी. स्वस्तातल्या ‘ब्राँझ’ तिकिटाला आसनक्रमांक नसतो. ज्याला जिथं जागा मिळेल, ती त्याची. मग पाठीवर सॅक, पायात चिखलाला दाद न देणारे बूट आणि हातात घडीची खुर्ची घेऊन ही मंडळी आर्देनच्या जंगलातून चालू लागतात. एका वळणावर थांबायचं, चार-पाच गाड्या जाऊ द्यायच्या, थोडं वर सरकून पुन्हा बघायचं आणि पुढची वाट धरायची. सर्किटच्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल ठिकाणांत शंभरेक मीटरचा फरक आहे, त्यामुळे ही रपेट बागेतला फेरफटका नव्हे.

नवखा माणूस बहुधा केमेलच्या सरळ रस्त्याकडे धावतो. वेग तिथं आहे ना! पण तिथल्या कुंपणाला चिकटून उभं राहिलं की आधी आवाज येतो, मग रंगाचा एक पट्टा सरकतो आणि मान वळेपर्यंत मागचा पंखसुद्धा दिसेनासा होतो. गाडी कोणाची होती, हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. शिवाय मध्ये जाळी. खाली बसून तिरकं बघितलं की तिच्या तारा एकमेकांत मिसळतात आणि पलीकडचं सगळं करडं होऊन जातं.

स्पाचं भाग्य असं की जाळीवर डोंगरउताराचा उतारा आहे. केमेलच्याच चढणीवर दहा-पंधरा पावलं वर गेलं की नजर जाळीच्या वरून जाते. आणखी पुढं, सरळ रस्ता संपून ले कोंबचं वळण सुरू होतं त्या बाजूला सरकलं, की खरा खेळ दिसतो. ताशी तीनशेच्या पुढं असलेली गाडी इथं करकचून ब्रेक मारते. कोण आधी मारतो, कोण दम धरतो, हे साध्या डोळ्यांना कळतं.

२००० साली इथंच मिका हॅकिनेननं मायकेल शूमाकरला मागं टाकलं. आदल्या फेरीत शूमाकरनं त्याची वाट अडवली होती. ४१व्या फेरीला दोघांच्या पुढं रिकार्डो झोंटाची मागं पडलेली गाडी रस्त्याच्या मधोमध आली. शूमाकर डावीकडून गेला, हॅकिनेन उजवीकडून, आणि ले कोंबच्या तोंडाशी हॅकिनेन पुढं होता. २००९मध्ये विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाचा जियानकार्लो फिसिकेला पहिल्या क्रमांकावरून सुटला, तेव्हा भारतीय प्रेक्षकांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या. गाड्यांचा वेग बांधून ठेवणारी सेफ्टी कार आत गेली आणि केमेलच्या याच चढावर किमी रायकोनेननं साठवलेल्या विजेची जादा ताकद वापरून त्याला गाठलं. फिसिकेलाच्या गाडीत ती सोय नव्हती. शेवटी तो सेकंदापेक्षा कमी अंतरानं दुसरा आला.

रेदियोंची चढण ही या सर्किटची पोस्टकार्डावरची जागा. ती एकदा तरी बघावी, कारण चढ किती अंगावर येणारा आहे हे टीव्हीवर कळतच नाही. पण तिथं बसून सबंध शर्यत काढावी का? गाड्या खालून उसळतात, माथ्यावर नाहीशा होतात, आणि नंतर पावणेदोन मिनिटं पडद्याकडे बघायचं. पडदा दिसत नसेल तर शर्यतीत कोण कितवा आहे याचा पत्ता नाही. म्हणूनच जाणकार जागा निवडताना आधी मोठा पडदा कुठून दिसतो ते पाहतात, ट्रॅक मागाहून.

त्यापेक्षा रिव्हाज बरं. उताराला लागलेलं, लांबलचक उजवं वळण. गाडी इथं इतकी हळू होते की चालकाचं शिरस्त्राण वळणाच्या आतल्या बाजूला वळलेलं दिसतं. वजन पुढं-डावीकडे लोटल्यामुळे पुढचं उजवं चाक हलकं पडतं. ब्रेक जरा जास्त दाबला गेला की ते फिरायचं थांबतं, निळसर धूर निघतो आणि जळक्या रबराचा वास वरच्या बांधापर्यंत येतो. सरावात एकाच चालकाला दोन-तीन फेऱ्या न्याहाळलं, की तो दर वेळी थोडा उशिरा ब्रेक मारून बघतोय, हेही लक्षात येतं.

आणि पूऑन. उतारावरचं दुहेरी डावं वळण, बाहेरच्या अंगाला गवताचा नैसर्गिक सज्जा. इथं वेगही आहे आणि गाडी नजरेच्या टप्प्यात बराच वेळ राहते, म्हणून इथली गर्दी काही औरच. मॅक्स व्हर्स्टापेनसाठी शेजारच्या नेदरलँड्समधून आलेल्यांनी सगळा उतार नारिंगी होतो. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तशी इथं पहाटे फाटक उघडताच ताडपत्री अंथरली जाते. ताडपत्रीचा मान सहसा राखला जातो. सहसा.

पाऊस हा या सगळ्या हिशेबातला बिनभरवशाचा गडी. सर्किट एवढं पसरलेलं की एका टोकाला सरी आणि दुसऱ्या टोकाला कोरडा रस्ता, असं होतं. २०२१मध्ये तर तो हटलाच नाही. प्रेक्षक तासन्‌तास भिजत बसले आणि शेवटी सेफ्टी कारमागच्या मोजक्या फेऱ्यांवर निम्मे गुण वाटून शर्यत आटोपली. त्या दिवशी कुठल्याच जागेनं कोणाला काही दिलं नाही.

घाई नसलेल्यांसाठी १९२४पासूनची चोवीस तासांची शर्यत आहे. तिथं एका जागी खिळून राहायचं कारण नाही. दुपारी पूऑन, संध्याकाळी ब्लाँशिमाँ, आणि अंधार पडला की ला सूर्सचं अरुंद वळण, जिथं ब्रेकच्या चकत्या तापून चाकाच्या आत लाल-नारिंगी दिसतात. त्या बघायला वळणाच्या आधीची बाजू धरावी. वळणानंतर चालक ब्रेक सोडून गॅस देतो आणि चकत्या विझत जातात.

फॉर्म्युला वनच्या रविवारी मात्र शेवटच्या दहा फेऱ्यांत काहीजण आपली उत्तम जागा आपणहून सोडतात. शर्यत संपल्यावर ट्रॅक प्रेक्षकांसाठी खुला होतो आणि ज्यांना पारितोषिकाचा सोहळा गाठायचाय, त्यांना ला सूर्सजवळचं फाटक लागतं. तळाला, स्ताव्हलोकडे बसलेल्यांना ते जमत नाही. ते सरळ वाहनतळाचा रस्ता धरतात, कारण गावाबाहेर पडणारे रस्ते अरुंद आहेत आणि अर्ध्या तासानं निघालेला माणूस अंधार पडला तरी तिथंच असतो.