मजुराच्या तुटलेल्या हाताचा हिशेब

दसरा उलटला की मानवत, सेलू व परभणी येथील मोंढ्यांत कापसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि जिनिंगची चाके रात्रंदिवस फिरू लागतात. भाव काय फुटला, ओलावा किती धरला, रुईचा उतारा काय पडला, ह्याची चर्चा आमच्या व्यापारी वाचकांच्या पेढ्यांवर भल्या पहाटेपासून चालते, व ती चालावी हे योग्यच आहे. परंतु ह्याच हंगामात त्या चाकांपाशी उभ्या असलेल्या मजुराचा हात पट्ट्यात किंवा रोलरमध्ये सापडला म्हणजे पुढे काय होते, ह्याचा विचार पेढीवर क्वचितच होतो. बहुधा होते ते एवढेच की, मालक किंवा मुकादम जखमीस दवाखान्यात पोहोचवितो, पहिल्या मलमपट्टीचा खर्च सोसतो, पुढे सणावाराला काही रुपये त्याच्या घरी पाठवितो, आणि चार प्रतिष्ठितांस बसवून मुद्रांकावर ‘मला सर्व पोचले, माझी कसलीही तक्रार नाही’ अशा मजकुराखाली अंगठा उठवून घेतो. उजवा अंगठा यंत्रात गेला असेल तर डाव्या हाताचा घेतात!

हा कागद करून देणारा आणि करून घेणारा असे दोघेही तो पक्का समजतात. तो पक्का नाही. १९२३ साली परक्या सरकारने केलेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानेसुद्धा असल्या कागदास किंमत दिली नव्हती. मजुराने आपला हक्क सोडून देण्याचा करार केला असेल तर तो करारच रद्द, असे त्या कायद्याचे स्पष्ट कलम होते. आपसात तडजोड व्हावयाची तर ती आयुक्तापुढे नोंदविली पाहिजे, आणि रक्कम तोकडी दिसल्यास नोंद नाकारण्याचा त्यास अधिकार होता. मजूर दगावला असेल तर पैसे विधवेच्या हाती परभारे न देता आयुक्ताकडेच भरावयाचे. म्हणजे पंचांसमोर मोजलेल्या पन्नास हजारांनी मालक कायद्याच्या ऋणातून मुक्त होत नाही. आमच्याकडे सल्ल्यास येणाऱ्या पक्षकारांपैकी किती जणांना, मालक असोत की मजूर, ही गोष्ट ठाऊक असते? बोटांवर मोजण्याइतक्यांनाही नाही.

दुसरा एक गैरसमज असा की, चूक मजुराची होती म्हणून भरपाई देणे लागत नाही. कामाच्या ओघात व कामामुळे अपघात झाला एवढे सिद्ध झाले की पुरे; मजूर दोन क्षण बेसावध होता ह्या सबबीवर मालक सुटत नाही. तो दारू प्यालेला होता, किंवा त्याने सुरक्षिततेचे कवच जाणूनबुजून काढून टाकले, असल्या मोजक्याच सबबी चालतात. आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर त्याही चालत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. तथापि तत्त्व तेच राहिले आहे. उलट घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसून आल्यास, आता त्यात धरला जातो.

मग रडावयाचे ते कशासाठी? हिशेब मांडून पाहू म्हणजे कळेल. समजा, तीस वर्षांच्या मजुरास महिना १२,००० रुपये पडतात व त्याचा एक हात मनगटापासून गेला. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची रक्कम म्हणजे वेतनाचे शेकडा ६० गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. हा गुणाकार १४,९७,४५६ रुपयांचा होतो. एक हात जाणे म्हणजे कमाईच्या शक्तीची शेकडा ६० हानी, असे परिशिष्टात लिहिले आहे. तेव्हा त्याच्या पदरी सुमारे ८ लाख ९८ हजार रुपये पडावेत. शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. आता ह्याच मजुराचे नाव हजेरीपटावर नाही, किंवा असले तर त्यापुढे ६,००० रुपयेच मांडले आहेत, असे धरा. रक्कम तत्काळ निम्मी होते. आणि नावच नसेल तर ‘हा आमचा माणूसच नव्हे’ ह्या एका वाक्यावर दावा वर्षानुवर्षे लोंबकळतो. यंत्राने एकदा कापलेला हात हजेरीपटाने पुन्हा कापला जातो तो असा.

हजेरीपट चोख असला तरी सरकारने घातलेली वेतनाची मर्यादा आड येते. कोणी कितीही मिळवीत असो, हिशेबास एका ठराविक आकड्यापलीकडचे वेतन धरावयाचे नाही, असा नियम होता. तो आकडा २००० सालापासून ४,००० रुपये, २०१० पासून ८,००० आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,००० असा दहा-दहा वर्षांनी सरकला. बाजारात ज्वारी व डाळ दहा वर्षे एका भावाने मिळत असती तर आमची ह्यास हरकत नव्हती.

परिशिष्टाविषयीही एक गोष्ट येथे सांगून टाकतो. त्यातील टक्केवारी हा शेवटचा शब्द नव्हे. सिनेमागृहात शोभेचे काम करताना १९६८ साली पडलेल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, सबब त्याची कमाईची शक्ती पूर्णच गेली, हा आयुक्ताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये उचलून धरला. रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्ताच्या निकालाच्या दिवशी नव्हे, हेही त्याच निकालात ठरले. हे ठरण्यास सात वर्षे लागली ही गोष्ट निराळी. हमालाचा खांदा किंवा ऊसतोड्याचा मनगटाचा सांधा ह्यांचा विचार वकिलांनी ह्याच दृष्टीने मांडावयास पाहिजे, पण आमचे व्यवसायबंधू परिशिष्टातील आकडा वाचून थांबतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जर्मनीत १८८४ साली बिस्मार्कने अपघात विमा सक्तीचा केला व एकेका धंद्यातील मालकांचे संघ बांधून भरपाईचा भार त्या संघांवर टाकला. इंग्लंडने १८९७ साली दुसरी वाट धरली. मालक जबाबदार खरा, पण त्याने विमा उतरावा की नाही हे त्याच्या मर्जीवर. आपला १९२३ चा कायदा ह्या दुसऱ्या वाटेने आला. इंग्रजांनी १९४६ साली ती वाट सोडून दिली आणि आम्ही मात्र त्यांची टाकलेली वाट जपून ठेवली. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा हा स्वतंत्र हिंदुस्थानचा उत्तम प्रयत्न होता. मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून फंड, आणि अपघात झाला की पैसा फंडातून मिळावयाचा. मालक सुस्थितीत आहे की बुडीत, हे मजुराने पाहण्याचे कारणच उरत नाही. परंतु त्या कायद्याने आरंभीच ‘हंगामी कारखाने’ वगळले, आणि हंगामी म्हणजे कोणते त्याची यादी दिली: सरकी काढणे, कापसाच्या गाठी दाबणे, भुईमूग फोडणे, साखर व गूळ करणे इत्यादी. नव्या संहितेतही हंगामी कारखान्यांस ही सवलत कायम आहे. परभणी जिल्ह्याच्या वाचकाने ही यादी पुन्हा एकदा वाचावी. आपल्याकडे ज्या धंद्यांत माणसाचा हात यंत्राजवळ जातो, नेमके तेच धंदे विम्याच्या छत्राबाहेर आहेत! पुण्याच्या किंवा ठाण्याच्या बारमाही कारखान्यातील कामगाराचे बोट गेले तर त्यामागे फंड उभा असतो. मानवतच्या गड्याचा हात गेला तर त्यामागे उभा असतो फक्त मुकादम.

आणि मुकादमापाशी असते काय? निवाडा झाला तर ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते हे खरे. पण ज्याचे सातबाऱ्यावर नावच नाही त्याच्याकडून तलाठ्याने काय वसूल करावे? कंत्राटदारामागील मूळ मालकावरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. मात्र तो मालक कोण हे शाबीत करण्याचे ओझे मजुराच्या उरलेल्या एका हातावर पडते. गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर ह्या भागांतून उसाच्या तोडीस जाणाऱ्या कुटुंबांत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकाला इजा झाली की कोयता मोडला, आणि घेतलेली उचल मात्र जशीच्या तशी अंगावर. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. ऊस तोडल्यावाचून साखर होत नाही. तेव्हा तोडणी आपल्या धंद्याबाहेरची आहे, हे कारखान्याचे म्हणणे आम्हास तरी पटत नाही. सरकारने शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावे अपघात योजना ठेवली आहे, तीत मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. परंतु ती सातबाराधारकास व त्याच्या कुटुंबातील एका सभासदास. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, त्याचा मृत्यू तीत बसत नाही.

मे २०२३ मध्ये सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात शौचालयाची टाकी साफ करण्यास उतरलेले पाच मजूर गुदमरून मेले व सहावा अत्यवस्थ झाला, हे वाचक विसरले नसतील. अशा मृत्यूंपुरती न्यायालयांनी निराळी रीत घालून दिली आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांचा आकडा ठरविला. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काम खासगी इसमाचे असले तरी पैसे आधी सरकारने द्यावेत व मग त्या इसमाकडून वसूल करावेत, असे म्हटले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूस तीस लाख व कायमच्या अपंगत्वास किमान वीस लाख हे आकडे घातले. येथे हजेरीपट विचारला जात नाही व वेतनाचा वादही निघत नाही. आधी द्या, मग वसूल करा, ही ती रीत आहे. टाकीत गेलेल्यास जी रीत लागू, ती जिनिंगच्या पट्ट्यात गेलेल्यास लागू करण्यास कोणता अडथळा आहे, ह्याचे उत्तर आमच्या आमदार-खासदारांनी द्यावे.

ह्यावर आमचे काही व्यापारी मित्र म्हणतील की, हंगाम चार-पाच महिन्यांचा, माणसे रोज बदलणारी, नफा आधीच पातळ. त्यात विम्याचा हप्ता कोठून आणावयाचा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु हेच मित्र आपल्या मालमोटारीचा तिऱ्हाइताच्या इजेबद्दलचा विमा दरसाल उतरवितात, कारण त्यावाचून गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. गाठींचा आगीचा विमा तर कोणी सांगण्याची वाट न पाहता उतरवितात. भोपाळच्या वायुकांडानंतर १९९१ साली संसदेने धोक्याचे पदार्थ हाताळणाऱ्या मालकांवर सक्तीचा विमा लादला, तोही बाहेरच्या लोकांसाठी. आतला कामगार त्यातून मुद्दाम वगळला. रस्त्यावरचा वाटसरू, गोदामातील गाठ आणि भिंतीपलीकडचा शेजारी ह्या सर्वांचा विमा आहे. पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या गड्याचा तेवढा नाही. एक मोठा अपघात झाला, भरपाई चुकवली, तर शेकडा १२ व्याज आणि रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड असे तिहेरी देणे लहान जिनवाल्याच्या बोकांडी बसते. मग गिरणी विकून ते फेडावे लागेल. विम्याची जरुरी म्हणूनच मालकाला मजुराइतकीच आहे.

एकट्याने हप्ता झेपत नसेल तर मोंढ्यातील जिनवाल्यांनी मिळून दर गाठीमागे काही पैसे काढावेत व सामाईक पॉलिसी घ्यावी. माथाडी कायदा १९६९ साली झाला तेव्हाही हमालांची नोंद ठेवणे अशक्य असल्याची ओरड होती. ज्या हमालाची मंडळाकडे नोंद झाली, त्याचे नाव व मजुरी आज कागदावर सापडते. हंगामी कारखान्यांची सवलत काढून घेणे, निदान त्यांच्यावर भरपाईचा विमा सक्तीचा करणे, हे दिल्लीचे काम आहे व त्यासाठी आम्ही लिहीत राहूच. हजेरीपटावर खरे नाव व खरी मजुरी लिहिण्यास मात्र दिल्लीची परवानगी लागत नाही. मजुरास त्याचा भरपाईचा हक्क त्याला समजेल अशा भाषेत कळविण्याचे कर्तव्य २०१७ सालच्या दुरुस्तीने मालकावर टाकले होते, व ते न केल्यास किमान पन्नास हजारांचा दंड ठेवला होता. जिनिंगच्या फाटकावर अशी एखादी मराठी पाटी आमच्या वाचकांपैकी कोणी पाहिली असेल, तर ती कोणत्या गावी पाहिली हे आम्हास अवश्य कळवावे. ते गाव आम्ही आनंदाने छापू.