कोरेगावची बंदूक : प्रतिकृती निवडताना

भीमा कोरेगावच्या सैनिकाच्या हातातील बंदुकीची प्रतिकृती शाळेच्या इतिहास दालनात असावी, ही माजी विद्यार्थ्यांची सूचना स्वागतार्ह आहे. परंतु ‘जुनी बंदूक’ म्हणून बाजारात जे मिळते ते सर्वच १८१८ चे नसते. म्हणून निवडीचे निकष येथे मांडत आहोत.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात लढली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण. कंपनीच्या पायदळाची त्या काळातील नेहमीची बंदूक म्हणजे ‘ब्राऊन बेस’ कुळातील ‘इंडिया पॅटर्न’. हा नमुना मुळात कंपनीचा; ब्रिटनच्या राजाच्या सैन्याने तो पुढे १७९० च्या दशकात स्वीकारला.

पहिली खूण नळीची लांबी. इंडिया पॅटर्नची नळी ३९ इंचांची असते. ४६ किंवा ४२ इंची नळीच्या प्रतिकृती त्याच कुळातील, पण आधीच्या नमुन्यांच्या होत. दुसरी खूण नळीचा अंतर्भाग. तो गुळगुळीत आणि सुमारे पाऊण इंच व्यासाचा हवा. आत आटे असतील तर ती १८५३ ची एनफिल्ड किंवा तत्सम नंतरची रायफल समजावी. तिसरी खूण घोडा. त्याच्या जबड्यात गारगोटी हवी. ती पोलादावर आपटून ठिणगी पडते, रंजक पेटते आणि कानातून आग नळीतील दारूपर्यंत पोहोचते. तेथे टोपी बसवण्याची सोय दिसली, तर ती बंदूक कोरेगावनंतरच्या काळातील होय. चौथी खूण चापाच्या यंत्रावरील चिन्ह. मुकुट आणि राजाची आद्याक्षरे ही राजाच्या सैन्याची. १८०८ नंतरच्या कंपनीच्या बंदुकीवर सिंह असतो.

ही बंदूक मिनिटाला दोन-तीन वेळा झाडता येई आणि शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. प्रत्येक वेळी कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. दारूतील सोऱ्याने तोंड कोरडे पडे. शिरूरहून रात्रभर चालून आलेल्या त्या सैनिकांना कोरेगावात दिवसभर पाणी मिळणे कठीण झाले होते. तहान म्हणजे काय, हे ही बंदूक हाती घेतल्यावर विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक कळेल.

प्रतिकृती निकामीच घ्यावी. नळीला कानाचे छिद्र पाडलेले नसावे. झाडता येणारी बंदूक बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. खरेदीपूर्वी पोलीस ठाण्याकडे लेखी विचारणा करावी.

शेजारच्या फलकावर ‘प्रतिकृती’ हा शब्द स्पष्ट असावा. विजयस्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत, हेही लिहावे. पलटणीत इतर समाजांचेही सैनिक होते, हे लपवू नये. सत्य सांगितल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य उणे होत नाही.

बौद्ध शाळेत शस्त्र कशाला, असे कोणी विचारील. ते पूजेसाठी नाही, पुराव्यासाठी आहे. ज्यांच्या पराक्रमानंतरही १८९० च्या दशकात सैन्याची दारे बंद झाली, त्यांचे स्मरण करण्यास बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले. आपल्या इतिहासावर शंका घेणारे पुष्कळ आहेत. एका चुकीच्या बंदुकीमुळे त्यांना आयते निमित्त मिळू नये. ऐकीव गोष्ट पारखूनच स्वीकारा, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश आपल्या दालनालाही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!