पुडीतील दालचिनी खरी की ‘तज’?

पाचोरा - वर्षभराचा मसाला उन्हाळ्यातच करून ठेवण्याची खान्देशातील घरोघरची जुनी पद्धत. धणे, खोबरे, लवंग, मिरे यांच्यासोबत यादीत दालचिनी असतेच. मात्र, किराणा दुकानात दालचिनी मागितल्यावर पुडीत जाड, तांबूस, टणक सालीचे तुकडे आले, तर ती बहुधा दालचिनी नसून तिची चिनी बहीण ‘तज’ असते.

‘दालचिनी’ या शब्दाचे मूळ फारसी असून, त्याचा अर्थ ‘चीनचे लाकूड’ असा होतो. तज म्हणजे ‘सिनॅमोमम कॅसिया’ या वृक्षाची साल. चिनी वैद्यकात तिला ‘रौ गुई’ म्हणतात. शरीरातील थंडी घालवून ऊब देणारे औषध म्हणून तेथे ती शतकानुशतके वापरली जाते. खरी दालचिनी ‘सिनॅमोमम व्हेरम’ या वृक्षाची. ती मूळची श्रीलंकेची. कोकणातही तिची लागवड होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिची ‘कोकण तेज’ ही जात विकसित केली आहे. आयुर्वेदात दालचिनीला ‘त्वक्’ असे नाव असून, सितोपलादि चूर्णातील ती एक घटक आहे.

मसाल्यापुरती चिमूटभर तज वापरण्यात काही वावगे नाही. प्रश्न आहे तो रोज चमचाभर चूर्ण घेणाऱ्यांचा. पाकिस्तानात ६० मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, तजेची पूड ४० दिवस घेतल्यावर रक्तातील साखर घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून हा घरगुती उपाय जगभर पसरला. पुढे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेने २०१२ मध्ये मात्र, मधुमेहावर या उपायाची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

तजेत ‘कुमारिन’ हे द्रव्य बरेच असते. संवेदनशील व्यक्तींच्या यकृताला त्यापासून इजा होऊ शकते. खऱ्या दालचिनीत त्याचा केवळ अंश आढळतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वजनाच्या दर किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम कुमारिन ही सुरक्षित मर्यादा मानली आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ६ मिलिग्रॅम. जर्मनीतील तज्ज्ञांच्या हिशेबाने एवढे कुमारिन सरासरी २ ग्रॅम तजेतून मिळते. चहाचा एक सपाट चमचा पूड सुमारे अडीच ग्रॅम भरते. मुलांचे वजन कमी असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी लवकर ओलांडली जाते.

फरक ओळखणे कठीण नाही. खऱ्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ असते. अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असल्याने ती विडीसारखी भरीव दिसते आणि बोटांनी सहज मोडते. तिचा रंग फिकट, चव गोडसर असते. तज जाड, एकपदरी व आतून पोकळ असते. ती मोडायला जड आणि चवीला तिखट. पूड झाल्यावर मात्र नुसत्या नजरेने ओळख पटत नाही. म्हणून साल अखंड घ्यावी व घरीच कुटावी.

अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमावलीत दालचिनी व तज यांची मानके स्वतंत्र आहेत. त्यामुळे पुडीत नेमके काय आहे, हे दुकानदाराला विचारण्यात ग्राहकाने संकोच करू नये. ज्यांना यकृताचा विकार आहे किंवा मधुमेहाची औषधे सुरू आहेत, त्यांनी असे चूर्ण रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध म्हणून घ्यायची वस्तू निदान नावाने तरी खरी असावी.