समुद्र गाळून पिणारी झाडं

रत्नागिरीहून पावसला जाताना भाट्याचा पूल लागतो. खाली काजळी नदी समुद्राला मिळते आणि खाडीच्या कडेने कांदळवनाचा हिरवा पट्टा दिसतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते हापूसच्या कलमाला घालून बघा, कलम वाळून जाईल. ही झाडं मात्र त्याच पाण्यात पाय रोवून वाढतात.

खरं तर इथे मुळांनी पाणी गमवायला हवं, कारण मीठ पाण्याला आपल्याकडे ओढतं. कांदळ त्यावर मात करतं ती नुसत्या उन्हाच्या जोरावर. पानांतून वाफ उडते, खोडातल्या बारीक नळ्यांतलं पाणी वर ताणलं जातं आणि तो ताण थेट मुळांपर्यंत पोचतो. मुळांच्या पेशींचे पडदे पाणी आत घेतात, बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. १९६५ मध्ये शोलँडर या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह कापलेल्या फांद्या पोलादी डब्यात दाबाखाली ठेवून हा ताण मोजला. हवेच्या दाबाच्या तीस ते साठ पट! घरातलं आरओ यंत्र हेच काम करतं, पण त्याला विजेवरचा पंप लागतो.

शेजारचं तिवर मुळाशी थोडं ढिलं असतं. आत शिरलेलं मीठ ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतं. दुपारच्या उन्हात पान तिरकं धरलं तर मिठाचे कण चमकताना दिसतात.

मिठाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे चिखल. बोटभर खाली गेलं की त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तर खाजणाला तो कुजका वास. तिवराची मुळं त्यातून पेन्सिलीएवढी टोकं वर काढतात. भरतीत ती बुडाली की आतला प्राणवायू खर्च होतो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि मुळाच्या आत दाब कमी पडतो. ओहोटीला टोकं उघडी पडताच बारीक छिद्रांतून हवा आपसूक आत खेचली जाते. म्हणजे झाडाचा श्वास समुद्राच्या वेळापत्रकावर चालतो. मला तर मिठापेक्षा याचंच नवल जास्त वाटतं.

कांदळाचं बी झाडावरच रुजतं. फांदीला लटकलेली ती दीड-दोन फुटी हिरवी 'शेंग' म्हणजे खरं तर रोपच. ते गळून चिखलात रुततं, नाहीतर भरतीबरोबर नवा काठ शोधायला निघतं.

मीठ बघायचं असेल तर पाऊस संपल्यावर, ओहोटीला जा. पावसात ते धुऊन जातं. तिवराचं पान जिभेला लावून बघायला हरकत नाही. पण देठातून पांढरा चीक आला तर ते हुऱ्याचं पान, म्हणजे गेव्याचं. तो चीक विषारी असतो. डोळ्यांपासून लांब ठेवा आणि हात धुऊन टाका.