सलाईनची बाटली कोणी धरायची?

मे 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी घाटी रुग्णालयातलं एक छायाचित्र देशभर फिरलं. शस्त्रक्रिया झालेल्या वडिलांची सलाईनची बाटली हात उंच करून धरलेली त्यांची लहान मुलगी त्यात दिसत होती. तिला बराच वेळ उभं केल्याचा आरोप रुग्णालय प्रशासनाने फेटाळला, पण ते चित्र लोकांच्या मनातून गेलं नाही. सरकारी दवाखान्यात अर्धी सेवा नातेवाइकांनीच करायची, हा समज त्याआधीही होताच. तो आणखी घट्ट झाला.

हा समज मुळापासून खोडायला हवा. कुटुंबाला शुश्रूषेत सामील करून घेणं म्हणजे परिचारिकेचं काम त्यांच्या गळ्यात मारणं नव्हे. बाटलीला स्टँड लागतो आणि थेंबांचा वेग सिस्टरनेच ठरवायचा असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. ती नसेल तर पद भरावं लागतं. रुग्णाच्या बायकोला तिथे उभं करून ती उणीव भरून निघत नाही.

मग सहभाग कशाला म्हणायचं? अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्या वडिलांच्या खाटेशी थोडा वेळ थांबलं की कळतं. सिस्टर त्यांना कुशीवर वळवते, पाठीशी उशी लावते, टाच गादीवर दाबली जात नाही ना ते बघते. मग माकडहाडाजवळचा लालसर डाग बोटाने दाबून मुलाला दाखवते: दाबल्यावर पांढरा पडत नाही, म्हणजे बेडसोअरची सुरुवात. पुढच्या वेळी कूस मुलगा बदलतो आणि ती शेजारी उभी राहते. चुकलं तर पुन्हा करायचं. नाकातल्या नळीतून पेज देतानाही तसंच: रुग्णाला आधी अर्धवट बसतं करायचं, आडवं ठेवून भरवायचं नाही. चार दिवसांनी हे वडील सिल्लोडला किंवा गेवराईला घरी जातील आणि तिथे रात्री दोन वाजता हाक मारायला सिस्टर नसेल. वॉर्डातली ती पंधरा मिनिटं त्या रात्रीसाठी असतात.

नातेवाईक आत आले की जंतुसंसर्ग वाढतो, असंही सर्रास बोललं जातं. मोकाट गर्दीबद्दल ते खरं आहे. हात धुऊन, शिकून आलेल्या आईबद्दल मात्र नाही. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या पालकांना रीतसर शिकवून आत घेतलं गेलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संसर्गाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं जास्त निघाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने या पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे 2021 मध्ये पाच देशांतल्या अभ्यासाने दाखवलं, की कमी वजनाचं बाळ जन्मताच आईच्या उराशी ठेवलं तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतात. त्या पाच देशांत भारतही होता.

पण उलट टोकही चुकीचंच. कुटुंबाला शिकवलं की तज्ज्ञ नको, असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. भारतातल्या 14 रुग्णालयांत पक्षाघाताच्या 1250 रुग्णांवर हेच तपासलं गेलं. घरच्यांनी व्यायाम करवून घेतले, तरी सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबित्व यांत फरक पडला नाही. माया कितीही असली तरी फिजिओथेरपिस्टची जागा ती घेऊ शकत नाही.

राहिला प्रश्न विचारण्याचा संकोच. सिस्टर रागावतील, म्हणून माणसं गप्प बसतात. माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी सिस्टरांना एवढंच म्हणा: एकदा करून दाखवा, मग मी तुमच्यासमोर करतो.